पास झालेल्यांचा वर्ग

निकाल लागला की इतर प्राध्यापक नापास झालेल्यांना बोलावून घेत. आमचे सांख्यिकीचे सर पास झालेल्यांना बोलवायचे. "नापास पोराला माहीत असतं बिचाऱ्याला, आपल्याला येत न्हाई म्हणून. पास झालेल्याला कोण सांगणार?" असं त्यांचं म्हणणं. भोकरदनच्या आमच्या कॉलेजात त्यांचं नाव 'नापास सर' पडलं ते त्यामुळंच. त्यांना ते ठाऊक होतं, पण त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

याला सुरुवात झाली कोरोनात. कॉलेज बंद, तास मोबाईलवर. सर जालन्याला घराच्या गच्चीवर फळा टेकवून शिकवायचे. आम्ही हजेरी लावायचो, कॅमेरा बंद करायचो आणि कुणी कापूस वेचायला, कुणी सरळ झोपायला जायचो. सर प्रश्न विचारायचे, बराच वेळ थांबायचे, मग म्हणायचे, "हजेरी फुल्ल आहे. माणूस एकच दिसून राह्यला, तोबी मीच." आणि पुढचं उदाहरण तितक्याच मन लावून सोडवायचे.

शेवटच्या वर्षाची परीक्षाही मोबाईलवरच झाली. उत्तरं वर्गाच्या ग्रुपवर फिरली. साऱ्या वर्गाचं एक उत्तर चुकलं, तेही एकसारखं. "एकी लई आहे पोरांत," एवढंच सर बोलले. मला शंभरात चौऱ्याण्णव पडले.

अब्बांचं बाजारात गादी-रजईचं दुकान. उशी घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा माझे चौऱ्याण्णव ऐकून जायचं. त्याच जोरावर मला संभाजीनगरला एम.एस्सी.ला पाठवायला ते राजी झाले. अट एकच: एकदा जरी नापास झालीस तर गपचूप घरी यायचं आणि निकाहला उभं राहायचं. जालन्याचं एक स्थळ आलंच होतं आणि त्यांना भारी घाई होती.

प्रवेश त्या वर्षी लांबले होते. तेवढ्यात कॉलेज उघडलं आणि सरांनी आम्हा पास झालेल्यांचा वर्ग भरवला. पहिल्याच दिवशी मला फळ्यापाशी बोलावलं, काही आकडे दिले आणि प्रमाण विचलन काढायला सांगितलं. मी खडू धरून नुसती उभी.

"चौऱ्याण्णव तुझे का फोनचे?"

"फोनचे, सर."

"मंग एम.एस्सी.ला फोनला पाठव."

वर्ग खो खो हसला. मग एकेकाची पाळी आली तसं हसणं आपोआप थांबलं.

घरी अब्बांनी दारातच अडवलं. "पास हुई ना? फिर कॉलेज कायकू?" काय सांगणार, कपाळ! मी जायचं थांबवलं, तर सर स्वतःच दुकानात येऊन उभे. अब्बांनी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मी आतल्या पडद्याआड. सर चहा संपवून शांतपणे म्हणाले, "भाई, पोरीला काई येत न्हाई."

अब्बांच्या हातातली सुई थांबली. "सर, सगळ्या बाजाराला सांगून बसलो मी!"

"बाजाराला तसंच राहू द्या. तिला तेवढं रोज पाठवा. न्हाईतर तिकडं पहिल्याच परीक्षेत गचकंल."

"आता भरून निघंल का?"

"पहिल्यापासून पिंजावं लागंल."

अब्बांनी गादीला दोन टाके घातले. "मंग पिंजा," म्हणाले.

हळूहळू बाकीचे गळाले. पास झाल्यावर कोण शिकतं? शेवटी वर्गात मी एकटी उरले. सर मात्र भरल्या वर्गाला शिकवावं तसे खणखणीत आवाजात शिकवायचे आणि मला उभं करून विचारायचे, "मागच्या बाकावर समजलं का?" मी मागं वळून बघून हो म्हणायची. शिव्या खाल्ल्या, रडले, पण आकडे हाताला वळायला लागले.

संभाजीनगरला पहिली परीक्षा कागदावर झाली. नव्वदीतली पुष्कळ मंडळी आडवी झाली. मी एक्कावन्न गुणांनी पास झाले. मग पुढचीही, आणि त्याच्या पुढचीही. जालन्याचं स्थळ वाट बघून कंटाळलं.

गेल्या वर्षी सर गेले. अब्बा आणि मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. आता मी कॉलेजात शिकवते, बोलायची मला सवय आहे, पण तिथं त्यांच्या रांगेत शेवटाला जाऊन बसले. अब्बांनी टोपी सारखी केली आणि सरांच्या बायकोला हात जोडून म्हणाले, "ताई, सर नसते ना, तर या पोरीचं लग्न कवाच झालं असतं."

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. त्यांना वाटलं, म्हातारा दुःखात काहीतरीच बोलून गेला. मला मात्र तेव्हा कुठं रडू फुटलं.