देवीला दीक्षा देणारी गयामाय

संध्याकाळी त्रिशरण म्हणून झालं की गयामाय कोपऱ्याकडे वळून दटावायची, "तू बी म्हन व. उगी मुकी नको बसू." लग्न होऊन मी चिखलीहून पिंपळगाव राजाला आले, तेव्हा भिंतीपलीकडून हे पहिल्यांदा ऐकलं. वाटलं, घरात सून असेल. जाऊन पाहते तर बुद्धाच्या तसबिरीखाली पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला मरीमायचा दगड!

दीक्षेनंतर आमच्या अख्ख्या वस्तीनं घरातले देव पडक्या विहिरीत टाकले होते. गयामायनंही खंडोबा टाकला, बहिरोबा टाकला. मरीमाय मात्र ठेवली. तिचा शेंदूर खरवडला, तिला आंघोळ घातली आणि समोर बसून तिला पंचशील दिलं. "आता बकरं नाई मागत ती," मला सांगायची. मी हसले की चिडायची. "हस तू. माहे लेकरं पाठोपाठ गेले, तवा उंबऱ्यात कोनी आलं नाई. ही एकटी बसून होती. बुद्धानं मले माणूस केलं, हाव. पन म्हनून हिले काऊन हाकलू? गावानं आपल्याले हाकललं तसं?"

वस्तीला वंदना शिकवली तीही तिनंच. नागपूरहून कानात साठवून आणलेले शब्द तिनं एकेकाकडून घोकून घेतले. विहारात पहिला आवाज तिचा, मग बाकीच्यांचा. आयुष्यात मिळालेला तेवढाच मान, आणि तो तिला जिवापलीकडे प्यारा होता.

संपत आमचा पुढारी. देवाचं नाव निघालं तरी थुंकायचा. पण त्याच्या पोरीला देवी आल्या, तेव्हा त्याच्याही घरची फोडणी बंद झाली, दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले आणि बायको गयामायच्या पायाशी येऊन रडली. संपत अंगणात पाठ करून उभा होता, जणू आपण काही पाहिलंच नाही. गयामाय मरीमायला पदराखाली घेऊन गेली आणि पोरीच्या उशाशी कडुनिंबानं वारा घालत बसून राहिली. पोर वाचली.

पुढे विहारात सभा भरली. संपत उठला. "ज्याच्या घरात दगड हाय, त्यानं वंदना सांगू नाई. गयामाय, तो विहिरीत टाक, नाई तं इथं येऊ नको."

गयामायनं त्याच्या बायकोकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. मी तोंड उघडणार, तर गयामायनं माझा हात दाबला. "राहू दे व. चारचौघात त्याचं तोंड काळं करून मले काय भेटन?" आणि ती उठून गेली.

त्यानंतर ती घरीच वंदना म्हणायची, पण विहाराची वेळ धरून. तिकडून लोकांचा आवाज यायचा, भिंतीपलीकडून तिचा एकटीचा. ऐकून माझा जीव जळायचा.

ती गेली तेव्हा संपत सगळ्यांच्या आधी हजर. "आधी दगड, मंग बाकीचं," म्हणाला. दगड त्यानं स्वतःच्या हातानं विहिरीत टाकला. मग तिनंच शिकवलेलं त्रिशरण तिच्या प्रेतापाशी उभं राहून खणखणीत म्हटलं. एक शब्द चुकला नाही. माणूस किती निर्लज्ज होऊ शकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

पुढल्या उन्हाळ्यात त्याच्या धाकट्या पोरीला देवी आल्या. मी शेताकडे निघाले होते. पडक्या विहिरीच्या काठावर संपतची बायको दहीभात ठेवत होती, आणि तो जरा लांब, पाठ करून उभा.

"भाऊ," मी म्हटलं, "नुसत्या दहीभातानं नाई ऐकत आता ती. त्रिशरण म्हना. गयामायनं तशीच सवय लावली तिले."

संपत वळला नाही. त्याच्या बायकोनं हात जोडले आणि विहिरीत वाकून, रडत रडत, पहिली ओळ म्हणायला सुरुवात केली.