दुसरा तास

शाळेत त्यांना सगळे घड्याळबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. शिकवायच्या भूगोल. पण भूगोल शिकवणारे छप्पन्न मिळतील, बावीस वर्गांचं वेळापत्रक एकहाती बसवणारी लाखात एक, असं मुख्याध्यापक म्हणायचे. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात बाई शिक्षकांच्या खोलीतलं लांब टेबल अडवत, त्यावर पुठ्ठा पसरत आणि रंगीत चिठ्ठ्या टाचण्यांनी टोचत बसत. कुणाला शेवटचा तास नको, कुणाचं शेजारच्या वर्गातल्याशी पटत नाही. बाई सगळ्यांची मर्जी सांभाळत आणि वर चार शब्द सुनावतही.

वरच्या दोन वर्गांत मात्र एक जुनी गाठ होती. शाळेतले सूक्ष्मदर्शक आरशावर चालणारे. खिडकीतून ऊन आलं तरच त्यात काही दिसायचं, आणि ऊन यायचं दुसऱ्या तासाला. म्हणून जीवशास्त्र दुसऱ्या तासाला. रसायनाचे सर दोन शाळांत वाटलेले, ते इथे पहिले दोनच तास असत. पहिला तास भाषेच्या सरांचा. ते तापट, त्यांच्या तासाला हात लावायचा नाही, असं बाईंना आधीच्या वेळापत्रकवाल्यांनी बजावून ठेवलं होतं. राहिला दुसरा. मग मुलं जीवशास्त्र घ्यायची, नाहीतर रसायन. बाईंच्या हाती वेळापत्रक आल्यापासून अकरा वर्षांत कुणी तक्रार केली नाही. आणि तक्रार नाही म्हणजे चूक नाही, अशी त्या शाळेची समजूत होती.

बहीण गेल्यापासून भाची बाईंकडेच वाढली. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत जेवणारी पोर. डॉक्टर होण्याशिवाय तिच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. विषय निवडायची वेळ आली तशी म्हणाली, "मावशी, मला दोन्ही हवेत गं."

"एकाच तासाला दोन खोल्यांत बसणार? तुझे काय दोन तुकडे करू?"

"पण डॉक्टर व्हायचं तर..."

"डॉक्टर काय परीक्षानळ्या ढवळत बसतो? माणसाचं शरीर जीवशास्त्रात असतं. ते घे, भौतिक घे, आणि भूगोल मी आहेच की घरात."

भाचीने मान डोलावली. मावशी चोवीस वर्षं शाळेत आहे, ती म्हणते म्हणजे चौकशी करूनच म्हणत असणार. बाईंनी चौकशी केली नव्हती. वैद्यकीय महाविद्यालयाची माहितीपुस्तिका शाळेच्याच कपाटात पडून होती, एक जिना उतरला की हाताशी. पण एका मुलीसाठी बसलेली घडी कोण मोडणार, हा विचार बाईंच्या मनात आला होता. खरं तर तेवढा एकच आला होता.

दोन वर्षांनी भाची शाळेत पहिली आली. तिचा अर्ज आठव्या दिवशी परत आला.

दोघी महाविद्यालयाच्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आतला कारकून काही वाईट माणूस नव्हता. त्याने गुणपत्रिका दोनदा वाचली.

"रसायन नाही हिला."

"जीवशास्त्रात शंभरात शहाण्णव आहेत," बाई म्हणाल्या.

"असतील हो. पण रसायन सक्तीचं आहे."

"आता बाहेरून परीक्षा दिली तर?"

"चालत नाही. सगळे विषय एकाच परीक्षेत, प्रयोगांसकट. पुन्हा दोन वर्षं शाळेत बसवा."

पास झालेल्या मुलीला कुठलीच शाळा परत घेत नाही. हा नियम मात्र बाईंना पाठ होता.

कारकुनाने शाळेचं नाव पाहिलं. "या शाळेतून एकही अर्ज आलेला मला आठवत नाही. मला वाटायचं, तिकडच्या मुलांना हौसच नाही."

भाचीने कागद गोळा केले, कडा जुळवल्या, कारकुनाला "बरं" म्हणाली. तिने आदळआपट करावी, तोंडाला येईल ते बोलावं, असं बाईंना फार वाटलं. पण पोरीने रक्ततपासणी केंद्रात काम धरलं. नळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, सकाळी साडेसात ते साडेतीन. पगार झाला की तो मावशीच्या हातात आणून द्यायची, आणि ते बाईंना सगळ्यात जड जायचं.

सुट्टी संपत आली. बाईंनी पुठ्ठा पसरला, आणि जीव मुठीत धरून भाषेच्या सरांकडे गेल्या. पहिल्याऐवजी शेवटचा तास चालेल का?

"द्या की," सर म्हणाले. "सकाळी माझे गुडघे धरलेले असतात. इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही."

रसायन पहिल्या तासाला गेलं. त्या वर्षी तिघांनी दोन्ही विषय घेतले. मुख्याध्यापकांनी सभेत बाईंचं कौतुक केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई मान खाली घालून बसून राहिल्या. लोकांना तो विनय वाटला.

ही बातमी भाचीला बाहेरूनच कळली. सकाळी कामाला निघताना ती दारात बूट घालत होती.

"मावशी, जमलं म्हणे दोन्ही एकत्र."

"हं."

"किती दिवस लागले गं बसवायला?"

पूर्ण सुट्टी गेली, असं सांगता आलं असतं. पोरीने विश्वासही ठेवला असता.

"पाऊण तास," बाई म्हणाल्या.

भाचीने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, डबा उचलला आणि पहिल्यांदाच 'येते' न म्हणता गेली.