सर्वांसाठी एकच स्टेम

"डॉक्टर, बागेत एकच व्हरायटी लावली की फवारणीचा घोळ होत नाही. इथंही तेच करा," अण्णासाहेब म्हणाले.

अण्णासाहेब नाशिकमधल्या आमच्या ट्रस्ट हॉस्पिटलचे विश्वस्त. द्राक्षं एक्स्पोर्ट करतात. त्यामुळे खुब्याच्या सांध्यावरचं त्यांचं मत अंतिम मानलं जाई.

विषय होता स्टेमचा. खुबा बदलताना मांडीच्या हाडाच्या पोकळीत जो धातूचा दांडा बसवतात, तो स्टेम. ढोबळमानाने दोन प्रकार. एक खरबरीत, नुसता ठोकून बसवायचा. पुढे हाड वाढून त्याला धरतं. दुसरा गुळगुळीत, तो सिमेंट भरून बसवायचा. हाड मजबूत असेल तर पहिला उत्तम. हाड पातळ आणि पोकळी रुंद असेल तर दुसरा, कारण पातळ हाडात ठोकाठोकी केली की ते तडकू शकतं.

स्टेम बनवणाऱ्या एका कंपनीने मीटिंगमध्ये तुलनेचा तक्ता आणला होता. चौदा ओळींचा. चौदाही ओळींत त्यांचाच बिनसिमेंटचा स्टेम पहिला. इतका हुशार विद्यार्थी मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. एका ओळीचं नाव होतं 'आधुनिकता'. पेशंटच्या हाडाची ओळ नव्हती. बहुधा कागद संपला असावा.

"सिमेंटवाला बंद करू. कुणाची हरकत असेल तर एका पानाची नोट द्या," अण्णासाहेब म्हणाले.

दीड वाजला होता, भूक लागली होती. नोट लिहायचा मला कंटाळा आला. मी ठरावावर सही केली.

महिन्याभरात पेठकडच्या एका पाड्यावरून हौसाबाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, खुबा पार झिजलेला, काठीशिवाय पाऊल नाही.

"आवणीच्या आत उभं करा डॉक्टर," त्या म्हणाल्या. आवणी म्हणजे भाताची लावणी. "मी बांधावर नसली का सुना रोपं लय दाट लावतात."

एक्स-रे पाठ्यपुस्तकात छापण्याजोगा होता. हाडाची भिंत पातळ, पोकळी ऐसपैस.

"सर, सिमेंटवाला मागवायचा ना?" ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरने विचारलं.

"लिस्टमध्ये नाही. सांभाळून ठोकू."

अण्णासाहेबांना एक फोन पुरला असता. पण स्वतःच सही केलेल्या कागदाविरुद्ध बोलायचं कसं? शिवाय माझा हात हलका आहे असं सगळे म्हणतात. त्या सगळ्यांत मीही आहे.

ऑपरेशनमध्ये पोकळीला आकार द्यायला एक दातेरी हत्यार हातोडीने आत नेतात. तेव्हा कान उघडे ठेवायचे. हत्यार घट्ट बसत गेलं की आवाज टणक होत जातो. इथे तो होईना. मी आणखी एक ठोका दिला आणि हत्यार अलगद आत सरकलं. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. हाडाला तडा गेला होता.

तारा गुंडाळून हाड आवळलं, मग स्टेम बसवला. दुसऱ्या दिवशी हौसाबाईंना तडा गेल्याचं सांगितलं. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, हेही सांगितलं. सिमेंटवाला असता तर त्या त्याच दिवशी उभ्या राहिल्या असत्या.

"म्हणजे आवणी गेली," एवढंच बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला लाज वाटली.

अण्णासाहेबांकडे मी तावातावाने गेलो. "अहो, मग आधी बोलायचं!" ते म्हणाले. "मी द्राक्षवाला माणूस. हाड तुम्हाला कळतं म्हणून तर तुमची सही घेतली." इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यांना काही कळत नाही. सिमेंटवाला स्टेम परत ठेवायची नोट मी तिथेच बसून लिहिली. वीस मिनिटं लागली.

सहा आठवड्यांनी हौसाबाई तपासणीला आल्या. हाड जुळलं होतं. वॉकर धरून त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, माझं हाड कच्चं हाय, ते फोटूत दिसलं नव्हतं का?"

"दिसलं होतं."

"मग?"

चौदा ओळींत याचं उत्तर नव्हतं.

हल्ली मी ज्युनियर डॉक्टरांना बजावतो, स्टेमचा तक्ता नंतर बघा, आधी एक्स-रे बघा. ते मान डोलावून वहीत लिहून घेतात. त्यांच्या वयात मीही लिहून घेतलं होतं.