राखीच्या खोक्यातला पट्टा

यंदाच्या राखीपौर्णिमेला माझी राखी मुंबईत कस्टमच्या ताब्यात होती. आमच्या मंदाचं, म्हणजे बायकोचं, म्हणणं, चूक माझी. मी ते अजून मान्य केलेलं नाही.

बुऱ्हाणपुरात मी केळीचा व्यापार करतो. हातगाडीपासून सुरुवात केली, आज राजपुऱ्यात घर आहे आणि गावाबाहेर केळी पिकवायचं गोदाम. मी भाव पाडायला बसलो की फोपनारचे शेतकरी आधी चहा मागवतात, कारण लवकर सुटका नाही हे त्यांना ठाऊक असतं. धाकटी बहीण शोभा मुलाकडे कॅनडात असते. दर वर्षी तिची राखी साध्या पाकिटातून येते आणि ओवाळणीवरून आमची फोनवर घासाघीस होते. ती मागते, मी पाडतो, ती रडल्याचं नाटक करते, मी रागावल्याचं. (माझं नाटक बहुतेक वेळा खरंच असतं.) त्याशिवाय आम्हा दोघांना सण झाल्यासारखं वाटत नाही.

यंदा मध्ये माझा गुडघा आला. शोभाने व्हिडिओवर एक पट्टा दाखवला. गुडघ्याला गुंडाळायचा, बटण दाबायचं, शेक मिळतो. सेलमध्ये तिला निम्म्या किमतीत मिळाला होता. शेवटी रक्त माझंच.

"वेगळा पाठवते, भाऊ. त्याच्यावर टॅक्स लागेल म्हणतात."

टॅक्स म्हटल्यावर माझा गुडघा दुखायचा थांबला आणि डोकं दुखायला लागलं. पण आदल्याच दिवशी मंडईत कोणीतरी पेपर मोठ्याने वाचत होतं : परदेशातून येणाऱ्या राखीवर टॅक्स नाही. बातमी पुढेही होती. मला एवढी पुरेशी वाटली.

"राखीच्याच खोक्यात टाक," मी म्हणालो. "वर मोठ्या अक्षरात राखी लिही."

"अरे, राखी पाकिटात मावते. हा पट्टा केवढा!"

"मग? घडासोबत दांडा येतोच ना? दांड्याला वेगळा भाव लावतं का कोणी?"

"तूच तर सगळ्यांच्या वजनातून दांडा कापतोस."

"ते वेगळं," मी म्हणालो. मोठ्या भावाला एवढं म्हणायचा हक्क असतो.

खोकं निघालं आणि मुंबईत थांबलं. मला चिठ्ठी आली, पट्ट्याचं बिल पाठवा. मी चिठ्ठी घेऊन थेट पोस्टात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी ती वाचली.

"काका, राखीवर टॅक्स नाही. पट्ट्यावर आहे."

"पण पट्टा राखीसोबत आलाय."

"म्हणून तर राखी पट्ट्यासोबत अडकलीय. एकटी आली असती तर केव्हाच पोचली असती."

"बरं. मग कस्टमवाल्यांना म्हणा, दोघंही थोडं थोडं सोडू."

"काका, ही केळीची बोली नाहीये."

त्यांनी मला समजावलं. शोभाने कागदावर सेलची किंमत लिहिली होती, पण डब्यावर जुन्या किमतीचं लेबल तसंच राहिलं होतं. खरं काय ते बघायला बिल हवं. शिवाय टॅक्स लावताना वस्तूच्या किमतीत टपालखर्चही धरतात.

"टपालखर्चावर टॅक्स? त्यानं काय गुन्हा केला?"

"पट्टा काय चालत आलाय, काका? बिल पाठवा, बस."

आता शहाणा माणूस बिल पाठवतो. मी तक्रार पाठवली. लांबलचक, दांड्याच्या उदाहरणासह. उत्तर आलं, बिल पाठवा. मग शोभाकडून बिल मागवून पाठवलं, तोवर पौर्णिमा उजाडली.

मी आंघोळ करून पाटावर बसलो. मंदाने ताट केलं, फोन तांब्याला टेकवून उभा केला. पलीकडे शोभा नवं लुगडं नेसून बसली होती.

"हात दाखव."

मी दाखवला. मनगट रिकामं होतं.

"बाजारातली एखादी आणायची ना, भाऊ."

"तुझी नाही तर कोणाची बांधू?" मी ओरडलो. ओरडताना आवाज जरा फाटला, तो नेटवर्कचा दोष.

तिने पदर खोचला. मग म्हणाली, "परसात केळ आहे ना? वहिनी, तिच्या खोडावरचं वाळलेलं सोपट आणा."

बाबा गेले त्या वर्षी आमच्याकडे राखीला पैसे नव्हते. तेव्हा शोभाने हातगाडीखाली पडलेल्या केळीच्या सोपटाचे धागे काढून, वेणी घालून माझ्या हाताला बांधले होते. ती राखी गळून पडेपर्यंत मी सोडली नाही. शेवटी शेवटी आई मला जेवायला जरा लांब बसवायची.

मंदाने सोपट आणलं. शोभा कॅनडातून पीळ कसा द्यायचा ते सांगत होती. "घट्ट, वहिनी. सैल राहिला तर सुटतो." राखी झाली.

"बांध आता," मी हात पुढे केला.

मंदाने झटकन हात मागे घेतले. "मी? तुम्हाला राखी? अहो, शुद्धीवर आहात का?"

तेही खरंच होतं. अखेर एक टोक दातात धरून मी माझी राखी स्वतःच बांधली. शोभाने तिकडे फोनसमोर आपलं ताट ओवाळलं. दातातल्या सोपटाची चव तुरट होती. डोळ्यांत पाणी आलं ते त्याच्यामुळेच, मंदा काहीही सांगो.

"ओवाळणी?" शोभाने विचारलं आणि आकडा सांगितला.

"पाठवतो," मी म्हणालो.

मी नीट ऐकलाच नसेल असं वाटून शोभाने आकडा पुन्हा सांगितला. मंदाने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

खोकं पोळ्याच्या सुमारास आलं. पोस्टमनला मी टॅक्स पूर्ण दिला, तेही दारात उभं न ठेवता. राखी सोपटाच्या शेजारी बांधली, पट्टा गुडघ्याला, आणि शोभाला फोन लावला.

"भाऊ, एक सांगू?" ती म्हणाली. "तू निम्म्यावर आणशील म्हणून मी ओवाळणी दुप्पट मागितली होती."

"मग अर्धे परत पाठव."

"पाठवते की. पुढच्या वर्षी, राखीच्याच खोक्यात टाकून."