डाव्या खांद्यावरचा पदर

माझी थोरली बहीण अक्का जाऊन सहा आठवडे झाले. सकाळी भाच्याचा फोन आला, "मावशी, आई उठलीच नाही गं." झोपेतच हृदय थांबलं होतं. वय अठ्ठ्याहत्तर. आदल्याच रविवारी मी सर्जापूर रोडवरून दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला, इथल्या शिवाजीनगरला तिच्याकडे गेले होते. तेव्हा तिचा पदर डाव्या खांद्यावर होता आणि तो बघून मी खुशीत परतले होते.

त्या खुशीसाठी दीड वर्ष मागे जायला हवं. अक्काच्या मानेवर आणि डाव्या खांद्यावर नागीण उठली. भाचा तिला डॉक्टरकडे न्यायला निघाला, आणि मी आडवी आले. नागिणीचं तोंड नि शेपूट जुळलं की माणूस हातचा जातो, हे लहानपणापासून ऐकलेलं. ओळखीतल्या एका आजोबांकडून मी तिच्या खांद्याला पाच दिवस काव, म्हणजे ती औषधी लाल माती, लावून घेतली. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई मी! सहाव्या दिवशी डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू व्हायला हव्या होत्या. फोड जातील, पण या वयात दुखणं मागे राहू शकतं." अक्का खिडकीबाहेर बघत होती. त्यावरून ती मला कधी एका शब्दाने बोलली नाही.

खपल्या पडल्या, कातडी स्वच्छ झाली, आणि दुखणं राहिलं. सतत आग, मधूनच विजेसारखी कळ... पंख्याचा वारा सोसेना, सुती पदरही सोसेना. तिने सैल मलमली पोलकी शिवून घेतली आणि पदर उजव्या खांद्यावर घ्यायला लागली. शेजारीण चिडवायची, "काय अक्का, गुजरातला निघालात?" नसांच्या दुखण्याची गोळी डॉक्टरांनी बेताबेताने वाढवली, कारण त्या गोळीने अक्काला गरगरायचं आणि पडायची भीती. बधिर करणाऱ्या पट्ट्याही झाल्या. मला रविवारी जायचं जिवावर यायचं, पण जायचे. दिवाळीनंतर एकदा गेले, तर पदर डावीकडे!

"दुखत नाही?"

"स्वल्प. ती काव डोक्यातून काढून टाक बघू आता. सरी, चहा घे." स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं; इतकी वर्षं इथे राहून तिच्या बोलण्यात असे कानडी शब्द यायचेच.

नंतरच्या तिन्ही भेटींत पदर तसाच होता. मला रात्रीची झोप लागू लागली.

गेल्या आठवड्यात अक्काच्या सुनेबरोबर तिचं कपाट आवरलं. दुखण्यानंतरची पाच पोलकी निघाली. चार पोलक्यांच्या उजव्या खांद्यावर पिनेच्या भोकांची चाळण झालेली, डावीकडे एकही भोक नाही. पाचवं निळं, मी दिवाळीत दिलेल्या साडीवरचं. मी भेटायला गेले की तिच्या अंगावर तेच असायचं. त्याच्या डाव्या खांद्यावर भोकं होती, मोजून चार जागी.

सून उरलेल्या पोलक्यांच्या घड्या घालायला लागली.

निळं पोलकं मी मागून घेतलं. त्या चारही रविवारी मी मन हलकं करून तिच्याकडचा चहा पीत बसले होते, हवं त्यापेक्षा तासभर जास्तच... आणि अक्का मी कधी निघते याची वाट बघत असणार.