तेराचा पाढा

राग माझ्या नाकावर असायचा, आजही आहे. तेव्हा तर मी पंचविशीची होते, देवळीच्या पुढे एका गावच्या प्राथमिक शाळेत तिसरी आणि चौथी एकाच खोलीत शिकवत होते. नोकरी अजून कायम झाली नव्हती. आणि त्या खोलीत ती होती.

चौथीतली पोर, पण डोकं असं की मी फळ्यावर गणित लिहून खडू खाली ठेवेपर्यंत हिचं उत्तर तयार. मग उरलेला वेळ सगळ्यांच्या डोक्याला ताप. शेजारणीची पाटी पुसायची, तिसरीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इकडून ओरडून द्यायची, खिडकीचा पत्रा वाजवायचा. कोपऱ्यात उभी केली, छडी दिली, शेवटी मी हात टेकले.

तिची आई एकदा शाळेत आली होती. म्हणाली, "बाई, इचा बाप म्हणते स्कॉलरशिप लागली तं देवळीले पाचवीत धाडू. नाई तं चौथीवर बस झालं, कापूस वेचाले येईल." गावात शाळा चौथीपर्यंतच. म्हणजे त्या पोरीचं सगळं त्या एका परीक्षेवर होतं. मी तिचा फॉर्म स्वतः भरला, सहीसुद्धा केली.

मग मला एक शक्कल सुचली. रोज दुपारी पाढे म्हणायचे असत. एकानं पुढे म्हणायचं, बाकी पन्नास पोरांनी मागून. ते काम मी तिलाच दिलं. काय सांगू, वर्ग एकदम सुतासारखा सरळ! मी खुर्चीत बसून हजेरीपट आणि बाकीचे कागद भरायला लागले. मागे एका सुरात पाढे चालत आणि मला वाटे, जमलं बाई तुला.

आठवड्याभरानं शाळा तपासायला साहेब आले. जाताना स्कॉलरशिपचे फॉर्मही तेच नेणार होते. मुख्याध्यापक दाराशी उभे होते. साहेब म्हणाले, "तेराचा पाढा म्हणा." वर्गानं सुरू केलं, छान ठणठणीत. आणि पन्नास तोंडांतून एकदम आलं, "तेरा साती ब्याण्णव."

साहेबांनी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा ब्याण्णव. एकेकट्याला उभं केलं, तरी ब्याण्णव. मग त्यांनी तिला विचारलं. ती उठली आणि म्हणाली, "एक्याण्णव."

"मग हे असं कसं म्हणतात?"

"म्याच शिकवलं, साहेब."

मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "बाई, हीच ना ती? वर्ग बिघडवते म्हणून तुम्ही सांगत होता ती?"

खरं एवढंच होतं की आठ दिवस मी वर्गात बसून काही ऐकलंच नव्हतं. ते सांगितलं असतं तर शेरेबुकात माझ्या नावावर शेरा पडला असता. मी म्हणाले, "हो सर, हीच."

"मग हिचा फॉर्म पाठवायचा नाही. शाळेचं नाव घालवायला बसली आहे." मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

दोघं चहाला ऑफिसात गेले. मी तिला व्हरांड्यात ओढलं. हात उगारलाच होता. "काऊन केलं वं असं?"

ती रडली नाही. म्हणाली, "तुमी आयकता का नाई ते पाहून राह्यली होती. मले वाटलं, आता रागावता, मंग रागावता. आठ दिवस झाले, बाई."

उगारलेला हात तसाच राहिला. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. ऑफिस वीस पावलांवर होतं. फॉर्मचा गठ्ठा टेबलावर, तिचा फॉर्म बाजूला काढून कपाखाली दबलेला. मी दारात जाऊन उभी राहिले. चूक माझी आहे, एवढं म्हणायचं होतं. मागे व्हरांड्यात ती उभी होती.

"काय बाई?" मुख्याध्यापक म्हणाले.

"चहात साखर बरोबर आहे ना, विचारायला आले."

दुसऱ्या दिवसापासून ती गप्प बसली. गणित सोडवायची, पाटी पालथी घालायची आणि समोर बघत राहायची. त्या वर्षी शेरेबुकात माझ्या वर्गाबद्दल 'शिस्त उत्तम' असं लिहिलं गेलं. माझी नोकरी कायम झाली.

पुढच्या हिवाळ्यात शाळेमागच्या वावरात ती दिसली, कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती. वर्गात तेराचा पाढा चालला होता. मी खिडकीशी उभी राहून एक एक आकडा कान देऊन ऐकत होते. एक्याण्णव आलं तेव्हा तिनं मान वर करून खिडकीकडे पाहिलं. मीच नजर खाली वळवली.