नाली पाहिल्याशिवाय

अख्ख्या रायपुरात माणसाच्या नाडीआधी त्याच्या घरची नाली तपासणारी एकच बाई झाली, आणि ती माझी सख्खी आत्येबहीण. नर्सिंग कॉलेजात ती सामाजिक आरोग्य शिकवायची, म्हणजे वर्गात ती फारशी सापडायचीच नाही. पोरींना घेऊन बीरगांवच्या कामगारवस्तीत हिंडायची. रुग्णाला पहिला प्रश्न विचारण्याआधी त्याच्या घरचं पाणी भरून द्यायचं, हा तिचा कायदा. "हंडा उचलल्याबिगर तुले त्याची कंबर समजन कशी?" असं मलाही ऐकवायची. मी त्याच कॉलेजात औषधशास्त्र शिकवतो. हंडा उचलणं काही माझ्या पदवीत बसत नव्हतं.

ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन महिने तिच्या जागी मी गेलो. पहिल्याच दिवशी एका खोलीत क्षयाची एक तरुण बाई भेटली. पोरी हंड्यांकडे वळल्या, तर त्यांना थांबवून मी झकास लेक्चर ठोकलं. गोळी रोज घ्यायची, लघवी लाल होईल, घाबरायचं नाही! ती प्रत्येक वाक्याला मान डोलावत "हव सर, हव सर" म्हणत होती. इतकी समजूतदार विद्यार्थिनी मला वर्गात कधी मिळाली नव्हती.

तिसऱ्या महिन्यात ती गेली. गोळ्या उशीखाली तशाच. केस-वहीत मी मृत्यूचं कारण लिहिलं, 'रुग्णाची बेपर्वाई'.

ताई कामावर आली, वही वाचली आणि काठी टेकत मला थेट तिथं घेऊन गेली. दहा खोल्यांत एक न्हाणी, आणि तिची उघडी नाली सगळ्यांच्या दारांवरून वाहणारी. शेजारीण म्हणाली, "लाल पानी ल सब देखिन, सर. मकान मालिक कहिस, खोली खाली करव." नालीतल्या लाल पाण्यानं तिचा रोग सगळ्यांना कळला आणि मालक खोली सोडायला सांगू लागला, म्हणून तिनं गोळ्या सोडल्या. पाणी साफ झालं. खोली वाचली.

"काहून रे, नाली पाहिली होती तू?"

"नाही, ताई."

"मग बेपर्वाई कोनाची, ते लिही." तिनं पेन पुढं केलं. मी माझं नाव लिहिलं.

तेव्हापासून दर वर्षी नव्या पोरींना हा किस्सा मीच सांगायचा, अशी शिक्षा तिनं ठोठावली. लेक्चरच्या नकलेला पोरी खूप हसतात; पुढं हसत नाहीत. ताई गेल्या दिवाळीत गेली. यंदा मागच्या बाकावरच्या एका पोट्टीनं विचारलं, "सर, उस दीदी का नाम क्या था?" वहीत नुसता केस नंबर आहे. ताईला नाव नक्की ठाऊक होतं; मीच कधी विचारलं नाही. "पता करके बताता हूँ," म्हणालो, आणि बराच वेळ फळा पुसत राहिलो.